माग तोच, पत्ते नवे: जुन्या थीम पार्कांना नव्या पोरांसाठी कसं घडवतात

गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, अगदी लहान पोरांसाठी गोल फिरणारा एक पाळणा असतो. घोडे, मोटारी, एखादं बदक, आणि वर छत्रीसारखं छत. छताच्या कडेनं पत्र्याच्या पट्ट्या, त्यांवर कार्टूनची चित्रं. यंदा जानेवारीत होम मैदानावर धाकट्याला त्यात बसवलं आणि त्याची चप्पल हातात घेऊन मी बाहेर उभा राहिलो. समोरच्या पट्टीवर छोटा भीम होता. त्याच्या खांद्यावरचा रंग उडाला होता आणि त्या खपलीतून एक काळा, गोल कान डोकावत होता. मिकी माउसचा.

बारा वर्षांची लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "पप्पा, भीम पण जुना झालाय ओ आता."

म्हणजे पुढच्या वर्षी पाळणेवाल्याला पुन्हा ब्रश हातात घ्यावा लागणार. मोटार तीच, बेअरिंग तेच, घोडेही तेच. जगातली मोठमोठी थीम पार्कंही हाच उद्योग करत असतात. फरक इतकाच की तिथं एक चित्र पुसून दुसरं काढायला शेकडो कोटी रुपये आणि कधीकधी दीड-दोन वर्षं लागतात, आणि पुसलेल्या चित्रासाठी रडणारी माणसंही असतात.

आधी एक शब्द समजून घेऊ. थीम पार्कात पाळणे सुटेसुटे नसतात, त्यांच्या वस्त्या असतात. त्या वस्तीला 'लँड' म्हणतात. सोलापूरकराला सांगायचं तर लँड म्हणजे पेठ. नवी पेठेत शिरलं की कपड्यांची दुकानं आणि गर्दी, पूर्व भागात गेलं की कानावर तेलुगू आणि मागांचा खडखडाट. पाटी न वाचता कळतं आपण कुठं आलो ते. आपल्या पेठा आपोआप तशा झाल्या, पार्कातल्या ठरवून केलेल्या असतात. एका लँडमधून दुसऱ्यात जाताना पायाखालची फरशी बदलते, गाणं हळूहळू विरून दुसरं सुरू होतं, झाडं बदलतात, कामगारांचा गणवेश बदलतो, कचऱ्याचा डबासुद्धा बदलतो. वॉल्ट डिस्नेनं १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नीलँड उघडलं, तेव्हा अशा पाच पेठा होत्या: मेन स्ट्रीट, ॲडव्हेंचरलँड, फ्रंटियरलँड, फँटसीलँड आणि टुमॉरोलँड.

गड्ड्याचं एक बरं असतं. यात्रा संपली की सगळं उतरतं, ट्रकात भरलं जातं, मैदानावर धूळ तेवढी उरते. पुढच्या वर्षी जुनं चाललं नाही तर आणायचंच नाही. पार्क मात्र सिमेंटात रोवलेलं असतं, त्यामुळे ते जागच्या जागी म्हातारं होतं.

म्हातारपण येतं कुठून? सगळ्यात मजेशीर प्रकार टुमॉरोलँडचा. १९५५ मध्ये ही 'उद्याची पेठ' बांधली तेव्हा तिच्यातला उद्या १९८६ सालचा होता. म्हणजे तो उद्या येऊन, उलटून, आता चाळीस वर्षं होत आली. १९५७ मध्ये तिथं प्लॅस्टिकचं एक 'भविष्यातलं घर' उभारलं होतं. त्यातला मायक्रोवेव्ह लोक डोळे विस्फारून बघायचे. दहा वर्षांत ते घर पाडावं लागलं, कारण बाहेरचं जग त्याला गाठायला लागलं होतं. (पाडतानाही ते सहजी पडेना, लोखंडी गोळा आपटून परत यायचा.) भविष्य दाखवणारी पेठ सगळ्यात आधी शिळी होते आणि भुताचा वाडा कधीच शिळा होत नाही, हे पार्कवाल्यांना अनुभवानं कळलं. डिस्नीलँडचा भुतांचा वाडा १९६९ पासून आहे आणि आजही तिथं रांग असते. वाडा आधीच जुना. त्याला आणखी काय जुनं करणार?

दुसरा प्रकार संदर्भ मरण्याचा. १९५४-५५ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर डेव्ही क्रॉकेट या रानवाटा तुडवणाऱ्या शिकाऱ्याची मालिका आली, आणि पोरं शेपटीवाल्या केसाळ टोप्या घालून गल्लोगल्ली हिंडू लागली. फ्रंटियरलँडची सगळी ऐट त्या वेडावर उभी होती. ते वेड ज्यांना होतं ते आता पणजोबा झाले.

हे मला पटलं ते अमेरिकेमुळे नाही, खोपोलीच्या इमॅजिकामुळे. २०१३ मध्ये उघडलेल्या या पार्कात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. 'मिस्टर इंडिया'वरच्या राइडमध्ये बसलो. पडदा हलतो, त्याबरोबर खुर्ची हलते, आणि खलनायक साहजिकच मोगँबो. मी आणि बायको खूश. १९८७ चा सिनेमा, आमचं बालपण त्यावर पोसलेलं. बाहेर आल्यावर लेकीनं विचारलं, "तो मोगँबो कोण ओ? आणि तुम्ही दोघं एवढं का हसत होता?" खुर्ची तिलाही तेवढीच हलली होती. तिला राइड मिळाली, गोष्ट मिळाली नाही.

त्याच पार्कात 'अलिबाबा आणि चाळीस चोर' आहे. ही गोष्ट मोगँबोपेक्षा शेकडो वर्षांनी जुनी. पण तिथं गाडीत बसल्यावर हातात बंदूक येते आणि नेम धरून चोर टिपायचे असतात. लेक त्यातून उतरली ती किती चोर पाडले हे मोजतच. अलिबाबा कोण, हे तिनं विचारलं नाही, तिला गरजच पडली नाही. पुढचं सगळं समजून घ्यायला या दोन राइड मला पुरल्या.

तिसरा प्रकार जरा नाजूक आहे. काही गोष्टी म्हाताऱ्या होत नाहीत, खुपायला लागतात. डिस्नीलँडमधली चाच्यांची बोटसफर १९६७ ची. तिच्यात एक देखावा होता: चाचे बायकांचा लिलाव करताहेत आणि लाल कपड्यातल्या बाईवर बोली लागते आहे. पन्नास वर्षं लोक हसत पुढे गेले. २०१८ मध्ये तो बदलला. लाल केसांची बाई तीच, पण आता ती स्वतःच चाच्यांपैकी एक झाली आणि लिलाव लुटीच्या मालाचा. ओंडक्यातून पाण्यात कोसळणाऱ्या 'स्प्लॅश माउंटन'चं प्रकरण याहून मोठं. तिची पात्रं १९४६ च्या ज्या सिनेमातली होती, त्यात गुलामगिरीनंतरच्या काळातल्या काळ्या लोकांचं गोडगोड चित्र रंगवलेलं होतं. त्यावरून टीका इतकी की डिस्नेनं तो सिनेमा अमेरिकेत घरी बघायला कधी बाजारात आणलाच नाही. राइड मात्र धो धो चालायची. जून २०२० मध्ये ती बदलणार असं जाहीर झालं आणि २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे तिच्या जागी टियाना आली, डिस्नेची पहिली काळी राजकन्या. पाण्याची वाट तीच, पन्नासेक फुटांची उडीही तीच.

उडी तीच का ठेवली? इथं खर्चाचा आणि यंत्राचा हिशेब येतो.

आमच्या शेजारचे मामा चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर होते. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेलं असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची, एकमेकांना ओवलेली माळ त्यावरून फिरते. पत्त्याला भोक असलं की तिथला हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो. भोक नसलं की धागा खालीच राहतो. मोर काढून फुलं घालायची तर माग मोडीत काढायचा नसतो, पत्त्यांची माळ बदलायची असते. पण मामा एक अट सांगायचे: "हूक जेवढे, तेवढंच डिझाईन. कागदावर तू कायबी काढ की."

थीम पार्कची राइड अशीच. रूळ, पाया, पाण्याचे पंप, विजेच्या मोटारी, आणि बाहेरून कधीच दिसू न देता लपवलेली गोदामासारखी मोठी शेड, हा झाला माग. पात्रं, गाणी, रंग, दिवे हे पत्ते. खरा पैसा मागात गुंतलेला असतो, त्यामुळे व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न असतो, "पत्ते बदलून भागतंय का?" कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या डिस्ने पार्कात लिफ्ट तुटून कोसळल्यासारखा अनुभव देणारा एक भुताटकीचा मनोरा होता. जानेवारी २०१७ मध्ये तो बंद केला आणि मे महिन्यात अंतराळावरच्या 'गार्डियन्स' सिनेमाचा झाला. पाच महिन्यांत! इमारत तीच, लिफ्ट तीच, फक्त भीतीच्या जागी दंगा आणि गाणी.

हूक मोजायला विसरलं की काय होतं, तेही बघा. फ्लोरिडाच्या एप्कॉट पार्कात नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून एक छोटी बोटराइड होती, बेताच्या गर्दीसाठी बांधलेली. २०१६ मध्ये तिच्यात 'फ्रोझन' सिनेमातल्या एल्साला बसवलं. बोटी त्याच, वाट तीच. आता एल्साला भेटायला अमेरिकेतली निम्मी पोरं येणार आणि बोटी मात्र जुन्याच हिशेबाच्या. रांगा तासन्‌तास लागल्या.

हा हिशेब गड्ड्यावरही करता येतो. आकाशपाळण्याला वीस पेट्या, प्रत्येकीत चार जण, म्हणजे ऐंशी. भरणं, फिरवणं, उतरवणं मिळून दहा मिनिटं धरली तर तासाला सहा फेऱ्या, ४८० माणसं. पार्कात दिवसाला चाळीस हजार लोक येतात असं धरा आणि हा पाळणा दहा तास चालवा. पाच हजार जणांनासुद्धा तो पुरणार नाही. म्हणून पार्कवाले कुठल्याही नव्या कल्पनेला आधी विचारतात, "तासाला किती?" आणि एक राइड दुरुस्तीला बंद केली की तिची रांग हवेत विरत नाही, शेजारच्या राइडपुढे जाऊन उभी राहते. त्यामुळे एकाच पेठेतलं सगळं एकदम खोदता येत नाही. आपल्याकडे एकाच वेळी चारही रस्ते खोदतात, त्यांनी हे जरूर बघून यावं.

सगळ्यात फसलेला प्रयोग पुन्हा टुमॉरोलँडचाच. १९६७ मध्ये तिथं 'पीपलमूव्हर' आली होती, उंच खांबांवरून रमतगमत जाणारी गाडी. बसा, वारा खा, पेठ बघा. १९९५ मध्ये ती बंद केली आणि १९९८ मध्ये त्याच खांबांवर 'रॉकेट रॉड्स' नावाची वेगवान गाडी सोडली, तरुण पोरांना वेग लागतो म्हणून. आता वळणावर वेग ठेवायचा तर रस्ता आतल्या बाजूला कललेला लागतो, हे मौत का कुआं बघितलेल्या कुणालाही कळतं. तिथं तर आख्खी भिंतच उभी असते. ही जुनी वाट सपाट होती आणि ती कलती करण्याएवढा पैसा दिला गेला नाही. मग गाडी सरळ पट्टीवर सुसाट सुटायची, वळण आलं की करकचून ब्रेक, पुन्हा सुसाट, पुन्हा ब्रेक. टायर झिजले, बिघाड वाढले, आणि २००० मध्ये ती थांबली ती कायमचीच. ते रिकामे रूळ पेठेच्या डोक्यावर अजून तसेच आहेत. त्याच १९९८ च्या फेरबदलात पांढरीशुभ्र इमारती तांब्या-सोन्याच्या रंगात रंगवल्या होत्या. काही वर्षांनी तिथल्या 'स्पेस माउंटन' राइडच्या इमारतीला पुन्हा पांढरा रंग दिला. माझं मत विचाराल तर त्या रमतगमत गाडीला फक्त नवी गोष्ट हवी होती. पत्ते बदलायचे सोडून त्यांनी मागाला धावायला लावलं.

कधीकधी मात्र माग मोडावाच लागतो. फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल पार्कात शार्क माशाची 'जॉज' राइड १९९० पासून होती. २०१२ च्या जानेवारीत बंद करून ती भुईसपाट केली आणि जुलै २०१४ मध्ये त्या जागी हॅरी पॉटरची डायगॉन ॲली उभी राहिली. गल्ली, बँक, छतावरचा ड्रॅगन, सगळं. तिथं विकत मिळणारी जादूची छडी दुकानाच्या खिडकीसमोर विशिष्ट तऱ्हेनं फिरवली की आतली वस्तू हलते. पोरं राइड सोडून खिडक्यांपुढे मनगट फिरवत बसतात. अलिबाबाची बंदूक आठवतेय ना?

आणि जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममधली नदी बंद झाली. पार्क १९७१ चं, तेव्हापासूनची ही नदी, तिच्यात वाफेची बोट, मधोमध टॉम सॉयरचं बेट. आता तिथं 'कार्स' सिनेमांमधल्या मोटारी येणार आहेत. लोक बरेच चिडले. मला त्यांचं म्हणणं कळतं. नदीवर फारशी रांग नसायची, म्हणूनच ती हवी होती. गर्दीच्या पेठेत एखादा पार असावा, तशी. पण रिकाम्या पाराची किंमत कुठल्या हिशेबाच्या वहीत लिहायची? उद्या कुणी सिद्धेश्वर तलावाचं पाणी 'पडून आहे' म्हणालं तर आपण काय करू, एवढाच विचार करून बघा.

चिडणाऱ्यांचं मन राखायची एक युक्ती पार्कवाले करतात आणि ती मला फार आवडते. मॅजिक किंगडममध्ये 'मिस्टर टोड' नावाच्या बेडकाची राइड होती. १९९८ मध्ये, लोकांनी निदर्शनं करूनही, ती बंद केली आणि १९९९ मध्ये तिथं विनी द पूह अस्वल आलं. त्या नव्या राइडमध्ये भिंतीवर एक चित्र लावलं आहे: मिस्टर टोड जागेची कागदपत्रं पूहच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हातात देतो आहे. म्हणजे रीतसर सातबाऱ्यावर नाव चढवून दिलं! नव्या पोराला ते चित्र दिसतही नाही, जुन्या माणसाला दिसतं आणि त्याचा राग थोडा उतरतो. जुन्या पुतळ्यांचंही असंच. कॅलिफोर्नियातल्या स्प्लॅश माउंटनमध्ये नाचणारे बरेच प्राणी त्याआधीच्या एका बंद पडलेल्या संगीत-खेळातून उचलून आणलेले होते. आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, तसंच.

मग आजच्या पोरांना हवंय तरी काय? "मोबाईलच्या पोरांना पडदेच हवेत" असं मोठी माणसं ठासून सांगतात. मला ते खोटं वाटतं. पडदा त्यांच्या खिशात आहे, त्यासाठी तिकीट कशाला काढतील? जपानमधल्या ओसाकाच्या युनिव्हर्सल पार्कात मार्च २०२१ मध्ये निंटेंडो या व्हिडिओ गेमवाल्या कंपनीची पेठ उघडली. मनगटाला पट्टा बांधायचा आणि खेळातल्यासारखा प्रश्नचिन्हाचा ठोकळा खालून खरोखर मुठीनं ठोकायचा, की नाणं मिळतं. उडी मारून, हात दुखेपर्यंत. आणि या खेळाचा नायक मारिओ कोण? ऐंशीच्या दशकातला! त्याच्या मागे आईबापही उड्या मारतात, कारण त्यांनी तो लहानपणी खेळलेला असतो. तिकीट आईबाप काढतात आणि हट्ट पोरं धरतात, तेव्हा दोघांना एकाच ठोकळ्याखाली उभं करणारी पेठ टिकते. हॉलंडमध्ये तर एफ्टेलिंग पार्कात 'कागद इकडे' असं ओरडणारा एक जाडा पुतळा आहे. त्याच्या तोंडात कागद धरला की तो गिळतो. कचऱ्याचाच डबा तो! पोरं कचरा शोधत हिंडतात. त्याला ना पडदा लागतो ना सिनेमा.

हे सगळं वाचताना मला शहरातल्या एका बागेतली झुकझुक गाडी आठवत होती. माझ्या लहानपणी ती चालायची. आता रूळ गवतात आहेत आणि इंजिन पत्र्याखाली. तिथं सेल्फी पॉइंट होणार असं चहाच्या गाड्यावर ऐकलं. रूळ आहेत, खडीचा पाया आहे, वळणं आहेत, म्हणजे माग शाबूत आहे. त्या इंजिनाला गिरणीचा भोंगा बसवावा आणि त्याची दोरी पोरांच्या हातात द्यावी, असं मला वाटतं. १८७७ मध्ये इथं पहिली गिरणी निघाली आणि पुढे कितीतरी वर्षं हे शहर भोंग्यावर उठलं, जेवलं, झोपलं. ते भोंगे आता बंद आहेत.

घरी येऊन आईला विचारलं, भोंगा वाजायचा कसा? ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "पहिला झाला की तुझे आजोबा भाकरी बांधून घ्यायचे, दुसऱ्याला गेटात. उशीर झाला तर खाडा." मग पदर सावरून, दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं तो आवाज काढला. खालून वर चढणारा, लांबलचक. लेकीनं मोबाईलवर घेतला आणि पुन्हा काढायला लावला, कारण पहिल्या वेळी मागं कुकरची शिट्टी आली होती. आता रोज सकाळी दूधवाला आला की धाकटा दारात उभा राहून भोंगा देतो.